छत्रीवाल्या बाईच्या पाठीमागे

खाली सायकली लावायच्या शेडजवळ एक गोल छाटलेलं झुडूप आहे. डोक्यावर वाटी पालथी घालून पोराचे केस कापावेत तसं छाटलेलं. गेल्या हिवाळ्यात मी इथं मुलाकडे राहायला आलो, तेव्हापासून त्याच्या शेजारून रोज जातो-येतो, पण कधी मान वळवून बघितलं नाही. गेल्या आठवड्यात एका सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीचं दार सरकवलं आणि वास आत आला. आधी वास येतो, फूल मागून सापडतं. सापडून तरी काय, मोहरीएवढं, नारिंगी, पानांच्या बेचक्यात दडून बसलेलं. किनमोकुसेई म्हणतात त्याला. आठवडाभर जपानातली ही आमची सगळी वस्ती, हिगाशी-कसाई, त्या वासात बुडालेली असते. मग एक सर येते आणि सगळं खाली.

वास माझ्या ओळखीचा आहे. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत आम्ही दोघं इथं पाहुणे म्हणून आलो होतो, मी आणि माझी बायको शालन. पहिल्याच सकाळी ती याच दारात उभी राहून म्हणाली, "खाली कोणीतरी मुरांबा केलाय. सांगा त्यांना, पाक लागेल आता बुडाला." सुनेला वाटलं सासूबाई चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. शालन खरंच चपला घालून खाली गेली, दोन बिल्डिंगांना वळसा घालून आली आणि शेवटी त्या झुडपापुढे उभी राहिली. वरून मला तिचा आवाज ऐकू आला. "तू होय रे!"

ती गेली त्याला आता वर्ष झालं. गेल्या साली दसरा झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, पुण्याच्या घरी, दुपारची आडवी झाली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. त्यांना काय माहीत. पण ते तसं म्हणतात आणि आपण हं म्हणायचं.

त्याच आठवड्यात रविवारी तिचं वर्षश्राद्ध होतं. माझ्या मुलानं, नितीननं, सगळी जुळवाजुळव केली होती. गुरुजी पुण्यात बसून फोनवर मंत्र सांगणार होते, आम्ही इथं पळी-पंचपात्र घेऊन बसणार होतो. दर्भ उरायासुच्या एका कुटुंबाकडून मिळाला, तीळ दुकानात मिळतात. सगळं मिळालं आणि मग फोटोचा विषय निघाला.

शालनचा लावण्यासारखा फोटो नाही. आधार कार्डावरचा आहे, त्यात ती चोरी करताना पकडल्यासारखी दिसते. पुतण्याच्या लग्नातला एक आहे, त्यात अर्धा चेहरा कोणाच्या तरी फेट्यामागे. आणि तिसरा इथलाच, दोन वर्षांपूर्वीचा, उएनोच्या म्युझियममधला. सगळी गडबड त्या तिसऱ्या फोटोवरून झाली.

मी जन्मभर फ्रेमा केल्या. भवानी पेठेत माझं दुकान होतं. दोन गिऱ्हाईकं आत आली तर तिसऱ्यानं बाहेर थांबायचं, एवढंच. शाळा सातवीत सुटली आणि हातात करवत आली. पट्टी कापायची, कोपरा जुळवायचा, काच बसवायची, पाठीला पुठ्ठा लावून खिळे ठोकायचे. देवांच्या तसबिरी केल्या, लग्नाचे फोटो केले, एका पैलवानाच्या गदेलासुद्धा काचेची पेटी केली. पण दुकान चाललं ते मेलेल्या माणसांवर. दहाव्याच्या आत फोटो पाहिजे असायचा. घरचे धावत यायचे, डोळे सुजलेले, हातात रेशन कार्ड नाहीतर ग्रुप फोटो. "यातून काही होतंय का बघा."

व्हायचं. समोरचा फोटोवाला करून द्यायचा. ग्रुप फोटोतून चेहरा कापून घ्यायचा आणि एका तयार धडावर बसवायचा. पुरुषांसाठी त्याच्याकडे एक कोट-टाय होता आणि बायकांसाठी काठपदराची साडी, डाव्या खांद्यावर पदर, गळ्यात ठुशी. आमच्या पेठेतले निम्मे मेलेले त्या एका कोटात आहेत. हातगाडी ओढणारा, गिरणीत पीठ दळणारा, जन्मात ज्यानं सदऱ्याचं वरचं बटण लावलं नाही असा माणूस भिंतीवर गेला की टाय लावून बसायचा. आणि दहा वर्षांनी काच फुटली म्हणून त्याचाच मुलगा फ्रेम घेऊन यायचा, फोटोकडे बघायचा आणि म्हणायचा, "बाबा कोटात काय रुबाबदार दिसायचे नाही?"

मी काच बदलून द्यायचो. गिऱ्हाईकाला काय बोलायचं? पण तेव्हाच एक गोष्ट डोक्यात बसली होती. माणूस जातं, मग भिंतीवरचा फोटो तेवढा उरतो, आणि होता होता तो फोटोच ते माणूस होऊन बसतो.

इथं थंडीच्या आधीचे हे दिवस चित्रं बघायचे मानतात. खायचे मानतात, वाचायचे मानतात आणि चित्रांचेही मानतात. स्टेशनवर जाहिराती लागतात, आणि जाहिरातीत बहुतेक करून फ्रान्सचे चित्रकार. दीडशे वर्षांपूर्वीचे, शंभर वर्षांपूर्वीचे. जपानी माणूस फ्रेंच चित्रांसाठी भर उन्हात रांगेत उभा राहतो, आणि रांगसुद्धा अशी, की बोलणं नाही, ढकलणं नाही. आमची सून केतकी म्हणाली की त्या वेळी हेच फ्रेंच लोक जपानी चित्रं गोळा करत होते, त्यातून शिकत होते, घरात लावत होते. म्हणजे त्यांनी यांचं बघून काढलं आणि आता हे त्यांचं बघायला जातात. चालायचंच. शेजारणीची आमटी नेहमीच चांगली लागते.

आम्ही पाहुणे आलो त्या साली केतकीनं आम्हालाही नेलं. बरोबर नात मीरा. शालननं पांढरे बूट घातले होते, इथंच घेतलेले, आणि त्यावर साधी निळी सुती साडी. बुटांचं तिला फार कौतुक. "अहो, पायात काही आहे असं वाटतच नाही," असं दिवसातून चारदा सांगायची. गुडघे दुखायचे म्हणून प्रत्येक दालनात आधी बाक कुठे आहे ते बघायची आणि मग चित्रं.

पहिल्याच दालनात कडब्याच्या गंज्या. एक गंजी सकाळची, एक संध्याकाळची, एक बर्फातली. शालन खेड्यातली. ती चष्मा पुसून पुसून बघत राहिली.

"याला दुसरं काही दिसलं नाही का गं?"

केतकीनं भिंतीवरच्या चिठ्ठीपुढे फोन धरला, त्यात जपानीचं इंग्रजी होतं आणि मग केतकी त्याचं मराठी करते. "आई, तो म्हणे उजेड काढत होता. गंजी नाही."

"उजेड काय, येतोच की," शालन म्हणाली. मग पुन्हा बघून म्हणाली, "पण रचलीय चांगली. पाणी आत जाणार नाही."

पुढं एकाची वर्तमानपत्रातली चित्रं होती. काळे झगे घातलेले वकील, पोट पुढे, नाक वर. त्यांची फार टिंगल केली होती त्यानं. ती मला आवडली. मी दुकानाच्या कामासाठी कोर्टात खेटे घातलेत, मला ते सगळे ओळखीचे वाटले. आणि एका बुटक्या चित्रकाराचे नाचगाण्याच्या जागांचे कागद होते, भिंतीवर खळ लावून चिकटवायचे. पावसात भिजून गळून पडायचे ते कागद आता सोनेरी फ्रेमेत, वर दिवा, खाली पट्टीवर नाव.

माझं लक्ष फ्रेमांवर. खोटं कशाला बोलू, मी चित्रं थोडी आणि लाकूड जास्त बघितलं. काय काम होतं! कोपऱ्यात पानं-फुलं कोरलेली, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि जोड कुठे आहे ते दिसेना. जोड नाही असं होत नाही. चार पट्ट्या असतात, चार जोड असणारच. मी एका मोठ्या फ्रेमेपाशी गेलो, गाल भिंतीला लावला आणि पाठीमागं काय आहे ते बघायला लागलो. पाठ बघितल्याशिवाय फ्रेम कळत नाही.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या, गुडघ्यांवर शाल, राखणीला. त्या उठल्या, शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, मग अगदी हळू आल्या आणि वाकून काहीतरी म्हणाल्या. मी वाकलो. त्या पुन्हा वाकल्या. मी पुन्हा. केतकी लाल झाली.

शालन बाकावरून म्हणाली, "अहो, चित्र पुढच्या बाजूला आहे."

त्यातल्याच एका चित्रकारानं सगळं चित्र ठिपक्याठिपक्यांनी काढलं होतं, आणि एवढ्यावर थांबला नाही, कडेच्या चौकटीवरही ठिपके काढले होते. मला संताप आला. असं गिऱ्हाईक माझ्याकडे आलं असतं तर मी त्याला पायरीवरूनच परत पाठवलं असतं. फ्रेम माझी, चित्र तुझं. तू तुझं कर.

शेवटच्या दालनात एक न्हाणीघर होतं. पिवळं, निळं, जांभळं, भिंतीच्या फरशा वितळल्यासारख्या. टबमध्ये एक बाई पाण्यात पडलेली. अंगावर काही नाही. खाली पायपुसण्यावर कुत्रं.

"अगं बाई," शालन म्हणाली, "दार तरी लावायचं."

मी दुसरीकडे बघायला लागलो. पण शालन हलली नाही. तिनं विचारलं, ही कोण? केतकीनं फोन धरून वाचलं. चित्रकाराची बायको. दुखण्यामुळे तिला तासन्‌तास पाण्यात बसायला लागायचं, आणि हा वर्षानुवर्षं तिला तशी काढत राहिला. समोर बसवून नाही, आठवणीनं काढायचा. ती गेल्यानंतरही त्यानं असंच एक चित्र पुरं केलं.

"मग म्हातारी झाली असेल की," शालन म्हणाली.

"झाली होती आई. पण त्यानं चित्रात तिला तरुणच ठेवलं. शेवटपर्यंत."

शालन त्या पाण्यातल्या बाईकडे बघत राहिली. मला वाटलं तिला आवडलं असेल. बायकांना आवडतं असं. मग म्हणाली, "बिचारी. घरात तिची तीच सवत."

केतकी हसायला लागली, तोंडावर हात धरून, कारण तिथं हसत नाहीत. मी हसलो नाही. मला तेव्हा त्यात एवढं काही वाटलं नाही.

बाहेर पडायच्या दारापाशी मीरा ओरडली, "आबा, काओहामे!" म्हणजे काय, तर एक माणसापेक्षा उंच फळी. तिच्यावर चित्र रंगवलेलं. माळावर वाऱ्यात उभी एक फ्रेंच बाई, पांढरा झगा, हातात छत्री, झग्याचा घेर उडालेला. आणि तोंडाच्या जागी भोक. मागं जायचं, भोकातून तोंड काढायचं आणि पुढून फोटो घ्यायचा. आपल्याकडे जत्रेत हे असतं. एवढ्या मोठ्या म्युझियममध्ये, एवढी शांतता पाळून झाल्यावर, हे बघून मला बरं वाटलं. त्यालाही रांग होती. म्हातारे जपानी बाप्येसुद्धा तोंड काढून छत्रीवाली बाई होत होते.

शालनची उंची पुरेना. मागं एक स्टूल ठेवलं होतं, त्यावर ती चढली. मी फोन धरून पुढं. आधी भोकात काहीच नव्हतं, नुसतं काळं. मग तिचं कपाळ आलं, कुंकू आलं, चष्मा आला, आणि मग सगळा चेहरा. त्या झग्यावर, त्या छत्रीखाली. मी म्हटलं, "शालन, जन्मात कधी एवढी बारीक कंबर होती का तुझी?"

आणि भोकातून आवाज आला, "होती! तुमच्या घरी येऊन गेली!"

आणि ती हसली. तेवढ्यात माझ्याकडून बटण दाबलं गेलं. फोटोत एका कोपऱ्यात माझाच अंगठा आलाय. फोटो काढताना बोटं भिंगापासून लांब ठेवायची असतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

नितीननं याच फोटोतला चेहरा घेतला. मला न विचारता, आणि मला आनंद होईल म्हणून. पुण्याच्या त्याच गल्लीत आता त्या फोटोवाल्याचा मुलगा बसतो, त्याला पाठवला. त्यानं कॉम्प्युटरवर चेहरा काढला आणि साडीवर बसवला. हिरवी पैठणी, गळ्यात मोत्याची माळ. काम वाईट नाही, बापापेक्षा सफाई आहे. चष्म्यावरची चमक काढली, गालावरचा तिचा जुना चट्टा काढून टाकला. मान थोडी लांब आहे. हनुवटीखाली एक गोल सावली आहे, ती फळीच्या भोकाची. ती त्याला काढता आली नाही, किंवा त्याला वाटलं ती मानेचीच आहे.

फोटो शेल्फवर टीव्हीच्या शेजारी उभा केला. सगळ्यांना आवडला. नागोयाहून नितीनचा मित्र आला होता, तो म्हणाला, "काकू किती ग्रेसफुल दिसतायत." मीही पहिल्या दिवशी म्हटलं, बरा आहे.

मग रोज सकाळी चहा घेताना समोर तो फोटो. भिंतीवर लावायचा नाही, कारण इथं भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारू देत नाहीत. जन्मभर ज्यानं खिळे ठोकले त्याच्या बायकोचा फोटो शेल्फावर टेकून उभा, एखाद्या ट्रॉफीसारखा. तेही मी सोडून दिलं. परक्या देशात त्यांच्या भिंती, त्यांचे नियम. मी अडलो तो दुसऱ्याच गोष्टीवर.

पाच-सहा दिवस झाले असतील. दुपारी आडवा पडलो होतो. डोळे मिटले की शालन दिसते, ते काही नवीन नाही. वर्षभर तेवढंच चाललंय. कधी ओट्यापाशी दिसते, कधी तांदूळ निवडताना, कधी माझ्यावर चिडून पाठ फिरवलेली. त्या दुपारी ती दिसली ती हिरव्या पैठणीत. मोत्याची माळ, लांब मान. मी डोळे उघडले, पुन्हा मिटले. पुन्हा तीच. तांदूळ निवडतानाची आठवून बघितली, तर सूप दिसलं, हात दिसले, आणि वर चेहरा तो, चट्टा नसलेला.

मी उठून बसलो. इतक्या लवकर होतं हे मला माहीत नव्हतं. मी समजत होतो, दहा वर्षं लागतात.

संध्याकाळी नितीन ऑफिसातून आला. बूट काढतोय तोवर मी म्हटलं, "तो फोटो काढ तिथून."

"का? काय झालं बाबा?"

"ती तुझी आई नाही."

"असं काय बोलता? चेहरा आईचाच आहे. फक्त साडी—"

"मुंडकं तुझ्या आईचं आहे."

"बाबा, असं नका ना बोलू," केतकी आतून म्हणाली.

"मग कसं बोलू? मला हेच शब्द येतात. जन्मभर लोकांची मुंडकी कोटावर बसवलेली बघितली. माझ्या घरात मला ते नको."

नितीन दमला होता. तो खुर्चीवर बसला, पायमोजे हातातच. "मग काय लावायचं? तो म्युझियममधला? त्यात ती फ्रेंच बाई आहे, छत्री घेऊन. गुरुजी कॅमेऱ्यावर बघणार आहेत."

"गुरुजींना सांग, फ्रान्सला जाऊन आली होती."

मीरा फस्‌कन हसली आणि जपानीत काहीतरी म्हणाली. दुसरं कोणी हसलं नाही.

मग नितीन खाली बघून बोलायला लागला. "मी आईला दोन पैठण्या घेतल्या होत्या. एक माझ्या पहिल्या पगारात, एक मीरा झाली तेव्हा. दोन्ही कपाटात. म्हणायची, कोणाच्या तरी लग्नात नेसेन. लग्नं झाली, ती सुतीच नेसून गेली. मला तिला एकदा त्या साडीत बघायचं होतं बाबा. मी त्याला रंग सांगून करून घेतलं. काठसुद्धा तोच आहे."

तो खोटं बोलत नव्हता. मला ते न्हाणीघर आठवलं, पिवळं-निळं. तो फ्रेंच माणूसही खोटं करायला बसला नसेल. त्याला बायको जशी पाहिजे होती तशी तो काढत राहिला, आणि ती शेजारच्या खोलीत म्हातारी होत गेली. प्रेमच असणार ते. पण सवत आली ती त्या प्रेमातूनच आली. शालनला ते एका मिनिटात दिसलं होतं, बाकावरून उठायच्या आधी.

मी नितीनच्या समोर बसलो. म्हटलं, "ऐक. मी शिकलेला नाही, मला नीट सांगता येणार नाही. या तुझ्या फोटोत चेहऱ्याच्या खाली कोण आहे?"

"कोण म्हणजे? साडी आहे."

"कोणी नाही. नुसता कागद. चेहरा कापून घेतला तिथं तुझी आई संपली. आता तो फळीचा फोटो घे. त्यात पुढं ती फ्रेंच बाई आहे, कबूल. पण चेहरा कापलेला नाही. भोकातून आलाय. त्याच्या मागं तुझी आई अख्खी उभी आहे. दिसत नाही, पण आहे."

नितीननं मान वर करून शेल्फाकडे बघितलं.

"मी तिला उतरवायला मागं गेलो होतो," मी म्हटलं. "फळीच्या मागं. मागून सगळं कच्चं लाकूड असतं, रंग नाही काही नाही, दोन आडव्या पट्ट्या मारलेल्या. त्या पट्ट्या धरून ती स्टुलावर उभी होती. टाचा वर केलेल्या. ते पांढरे बूट. निळी साडी, मागून चुरगळलेली, बाकावर बसून बसून. अंबाडा सुटत आलेला, पिन लोंबत होती. आणि हसताना पाठ हलत होती. पुढं लोक बघत होते ती छत्रीवाली बाई. मी मागून बघितली ती ही. मला फोटो पाहिजे तो एवढ्यासाठी, की त्याच्या मागं ती आहे हे मला माहीत आहे."

एवढं मी बोलत नाही एरवी. पाणी प्यायलो.

नितीननं पायमोजे परत घातले. केतकीनं विचारलं, "कुठे निघालास?" तो म्हणाला, "कोंबिनीत. कोपऱ्यावरच्या त्या दुकानातल्या मशीनवर प्रिंट निघते." दार लावताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "अंगठा तेवढा कापू का?"

"राहू दे," मी म्हटलं.

फ्रेम मी केली. तयार मिळते इथं, प्लास्टिकची, पण ती मी घेतली नाही. मोठ्या दुकानातून लाकडी पट्टी आणली आणि एक करवत. गॅलरीत पेपर अंथरून बसलो. आणि पहिलाच काप वाकडा गेला. इथली करवत ओढताना कापते. आपली ढकलताना कापते. जन्मभर हात पुढं जोर देत आला, त्याला आता सांगायचं, बाबा रे, मागं घे. हात ऐकेना. एक पट्टी वाया गेली, दुसरीला जमलं. खालून किनमोकुसेईचा वास येत होता आणि त्यात लाकडाचा मिसळत होता. जोर न लावता नुसतं ओढत राहिलं की ती करवत लोण्यातून जावी तशी जाते. चांगलं हत्यार आहे. एक कोपरा तरीही केसभर उघडा राहिला. पुण्यात असतो तर तोडून पुन्हा केला असता. इथं ठेवला तसाच.

हिरव्या पैठणीचा फोटो नितीननं शेल्फावरून काढला आणि त्याच्या कपाटात ठेवला. फाडला नाही. मीही फाड म्हटलं नाही. तो त्याचा आहे.

रविवारी सकाळी गुरुजी फोनवर आले. मागं त्यांच्या घरात कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. नितीननं कॅमेरा फोटोकडे वळवला. गुरुजी चष्मा सारखा करून पुढं वाकले.

"यजमान, मातोश्री यात कुठल्या?"

"त्या गोलात, गुरुजी," नितीन म्हणाला. त्याचा आवाज सरळ होता.

"बरं," गुरुजी म्हणाले. मग "हसतायत," म्हणाले, आणि आचमन करायला सांगितलं.

केतकीनं पिवळ्या शेवंतीचा हार केला होता. तो हातात घेऊन ती घुटमळली. "बाबा, वरून घातला तर छत्रीवरून येतो आणि नेमका चेहरा झाकतो."

"खालच्या कडेला लाव."

तिनं खालून लावला. फ्रेंच बाईच्या झग्याला शेवंतीची झालर आली. शालन वरून बघत होती, चष्म्यावर चमक, गालावर चट्टा, कोपऱ्यात माझा अंगठा. पिंड झाले, घास बाहेर ठेवायचा तो कुठे ठेवायचा यावर चर्चा झाली, कावळे इथं भरपूर आहेत पण त्यांना खायला घालू देत नाहीत. शेवटी गॅलरीच्या कठड्याच्या आत ठेवला. एक कावळा येऊन घेऊन गेला. नियम मोडला तो त्यानं.

जेवणं झाली. दुपारी पाऊस आला आणि खाली झुडपाभोवती नारिंगी सडा पडला. वास गेला. एका सरीत जातो, सांगितलं ना. मीरा कानाला काहीतरी लावून बसली होती, केतकी भांडी घासत होती. मी शेल्फावरची फ्रेम उचलून घेतली, हार बाजूला केला आणि काच पुसली. आणि मग सवयीनं ती उलटी केली. पाठीला तपकिरी पुठ्ठा, कडेनं मी ठोकलेले खिळे, सुतळीचा फास, जो इथं कुठल्याच भिंतीला टांगता येणार नाही. दुसरं काही नाही. मी बघत बसलो.

नितीन येऊन शेजारी उभा राहिला. "बाबा, उलटी धरलीय तुम्ही."

"माहीत आहे," मी म्हटलं. "खिळे नीट बसलेत का बघतोय."

तो गेला नाही. माझ्या शेजारी बसला आणि तोही पुठ्ठ्याकडे बघायला लागला.